बावीस घरांचा तक्ता

कराडच्या एका वाचकांचं पत्र आहे. थोडं आटोपशीर करून देतो.

"वय ४१, पतसंस्थेत नोकरी. आजीनंतर देव्हाऱ्यातले लक्ष्मीपूजनाचे पंचम जॉर्जचे चार चांदीचे रुपये माझ्याकडे आले आणि नाद लागला. पंचम जॉर्जच्या रुपयांचा पूर्ण संच करायचा असं सहा वर्षांपूर्वी ठरवलं. आज घरात एकोणीसशेच्या वर नाणी आहेत. शिवराई, निजामाचे पैसे, चुकीच्या छपाईची नाणी, स्मारक नाणी, अर्ध्या जगाची चिल्लर, सगळं आहे. पंचम जॉर्जचे रुपये ३१ आहेत, त्यांची सालवार यादी सोबत जोडली आहे. संच मात्र झालेला नाही, आणि किती राहिलाय तेही सांगता येत नाही. महिन्याला चार हजार बाजूला काढतो, ते रात्रीच्या व्हॉट्सॲप लिलावात कुठंतरी जातात. ध्येयावर टिकायचं कसं? बाकीची नाणी विकून टाकू का? अटलांटाचा मावसभाऊ म्हणतो, तिकडे भाव चांगला आहे, डिसेंबरमध्ये येईन तेव्हा घेऊन जातो. द्यावीत का?"

तुमच्या पत्रातली सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे ती यादी. १९१२ चे २, १९१३ चे ३, १९१४ चे २, १९१६ चे ४, १९१७ चे ६, १९१८ चे ९, १९१९ चे ४ आणि १९२० चा १. एकूण ३१. यात साल आहे, टाकसाळ नाही, आणि तुमची निम्मी अडचण तिथंच आहे. "पूर्ण संच" म्हणजे नेमकी किती नाणी हे तुम्ही कधी लिहून काढलेलं दिसत नाही. ज्याचा आकडा माहीत नाही त्याच्या जवळ आलो की लांब गेलो हे कळणार तरी कसं? मग समोर येईल ते नाणं "हेही असू दे" म्हणून घरात येतं.

आकडा असा आहे. पंचम जॉर्जचा चलनी चांदीचा रुपया १९११ ते १९२२ या सालांचा. १९११ ते १९२० अशी दहा वर्षं तो कलकत्ता आणि मुंबई या दोन्ही टाकसाळींत पडला, म्हणजे वीस घरं. १९२१ आणि १९२२ चा फक्त मुंबईचा, म्हणजे आणखी दोन. बावीस झाली. एका कागदावर उभी सालं आणि आडव्या दोन टाकसाळी असा तक्ता आखा, १९२१-२२ च्या कलकत्त्याच्या घरांवर फुली मारा.

आता ती एकतीस नाणी काढा आणि भिंग घ्या. सालाचा आकडा असलेली बाजू वर करा. वेलबुट्टीच्या चौकटीत अगदी खाली कमळ आहे, त्या कमळाच्या खालच्या मोकळ्या जागेत उठावाचं बारीक टिंब दिसलं तर नाणं मुंबईचं, नसलं तर कलकत्त्याचं. झिजलेल्या किंवा मळ साचलेल्या नाण्यावर हे टिंब हुकतं. दिवा समोरून न धरता बाजूनं तिरपा धरा, टिंबाची सावली पडते. हे काम एका बैठकीत होईल आणि त्याला पैसाही लागत नाही.

काही घरं रिकामी आहेत हे भिंगाशिवायही सांगता येतं. १९११ ची दोन, १९१५ ची दोन, १९२१, १९२२, आणि १९२० चं एकच नाणं असल्यानं त्या सालाच्या दोघांपैकी एक. निदान सात. टिंबं तपासल्यावर आणखी दोन-चार निघतील. सहाही १९१७ एकाच टाकसाळीचे निघाले तर नवल वाटून घेऊ नका.

तक्त्याखाली दुसरी यादी करा, काय नको त्याची. अर्धा रुपया, पावली, दोन आणे नकोत. प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेली चकचकीत नाणी, नकोत. साच्याचे बारीकसारीक फरक नकोत. सहाव्या जॉर्जचा एकही रुपया नको, १९३८ चा स्वस्तात मिळाला तरी. पंचम जॉर्जच्या आधीच्या एडवर्डचा नको. संच मोडतो तो सहसा शेजारच्या राजामुळे, परदेशी चिल्लरीमुळे क्वचितच. तसंच नाणं, तशीच चांदी, "एवढं एक घेऊ" म्हणेपर्यंत नवा संच सुरू झालेला असतो.

आता मुद्द्याचं. तुम्हाला वाटतंय की तुमच्यात चिकाटी कमी आहे. यादी पाहून तसं वाटत नाही. पहिल्या दोन वर्षांत तुम्ही सोपी सालं भराभर घेतली असणार. नंतर उरली ती अवघड घरं. ती महिनोन्महिने समोर येत नाहीत, आली तर खिशाला झेपत नाहीत. पण महिन्याचे चार हजार तर हातात येतच राहिले. ते रिकामे पैसे आणि रिकाम्या संध्याकाळी निजामाकडे आणि चुकीच्या छपाईकडे गेल्या. या छंदात बहुतेकांचं ध्येय इथंच सुटतं, संच साठ-सत्तर टक्के झाल्यावर. म्हणून सोय करायची ती या कोरड्या महिन्यांची.

त्यासाठी कुठलं साल का अवघड आहे हे आधी समजून घ्या. तुमच्याकडे १९१८ चे नऊ आहेत यात योगायोग नाही. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून मालाची प्रचंड खरेदी झाली, ते पैसे चुकते करायला रुपये कमी पडू लागले. नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढावी लागली. १९१८ साली अमेरिकेनं पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर कोट्यवधींनी वितळवले आणि ती चांदी ब्रिटिशांना विकली. इथल्या टाकसाळींनी तिचे रुपये पाडले. म्हणून १९१६ ते १९२० चे रुपये कुठल्याही सराफाच्या गल्ल्यात सापडतात. युद्ध संपल्यावर गरज सरली, आणि १९२१-२२ मध्ये अगदी थोडे रुपये निघाले. ही दोन सालं तुमच्या संचाची खरी किल्ली.

१९११ चं कारण वेगळं. राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक चिमुकला हत्ती आहे. पहिल्या साच्यात त्याची सोंड इतकी आखूड आली की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली, नाणं मागं घेतलं गेलं, १९१२ पासून हत्ती सुधारला. पाडलेल्या ९४ लाखांपैकी जेमतेम ७ लाख बाहेर गेले होते, बाकीचे वितळवले. तरीही १९११ बाजारात बऱ्यापैकी दिसतो. त्याचा भाव नाण्याच्या दुर्मीळपणापेक्षा डुकराच्या गोष्टीमुळे जास्त चढतो, त्यामुळे घाई करू नका, चांगला तुकडा येईपर्यंत थांबायला हरकत नाही. १९१५ मधल्या पायरीचं, शोधल्यावर मिळतं.

चार हजारांची वाटणी अशी करा. दोन हजार दरमहा वेगळ्या खात्यात, फक्त १९२१, १९२२ आणि १९११ साठी. वर्षाला चोवीस हजार साठतात आणि योग्य नाणं समोर आलं की उसनवारी करावी लागत नाही. पंधराशे सोप्या घरांसाठी, आणि ही सोपी घरं एकदम भरून टाकू नका. चांदी चढेल या भीतीनं एका महिन्यात सगळी उचलली तर पुढचे दहा महिने पुन्हा कोरडे. दीड-दोन महिन्यांनी एक, निवडून, चांगल्या स्थितीतलं. उरलेले पाचशे मनाला येईल त्यावर, बिनधास्त. शिवराई घ्या, टांझानियाचं नाणं घ्या. हा झरोका पूर्ण बुजवला की तीन महिन्यांनी सगळं धरणच फुटतं. पण पाचशेचे सहाशे नाहीत, आणि या महिन्याचे उरले तर पुढच्या महिन्यात जोडायचे नाहीत.

एक पथ्य कडक पाळा. बावीस घरं भरेपर्यंत भरलेल्या घरातलं नाणं बदलून अधिक चांगलं घ्यायचं नाही. १९१६ चं झिजकं आहे म्हणून चकचकीत घेतलं, मग शेजारचं फिकं वाटायला लागलं, असा खेळ सुरू झाला की संचाला अंत राहत नाही.

व्हॉट्सॲप लिलावाबद्दल. गट सोडा असं म्हणणार नाही, १९१५ सारखं साल कधीकधी तिथंच येतं. गट म्यूट करा. दिवसातून एकदा यादी उघडा, तक्त्यातलं रिकामं घर दिसलं तरच बोली. बोलीचा वरचा आकडा लिलाव सुरू होण्याआधी कागदावर लिहा. आकडा काढायचा तर पाया चांदीचा: रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा, चांदी ९१.७ टक्के, तेव्हा शुद्ध चांदी साधारण १०.६९ ग्रॅम. चांदी ग्रॅमला १०० रुपये धरली तर धातूचेच १,०६९ झाले. त्या दिवशीच्या दरानं हा आकडा काढून ठेवा. १९१६ ते १९२० च्या साध्या, वापरलेल्या नाण्याला यापेक्षा फार जास्त मोजायचं कारण नाही. कोणी "रेअर" म्हणून १९१७ दुप्पट भावात काढला तर तुमच्याच डब्यातले सहा आठवा.

उलट कुणी चांदीच्या भावाच्या खूप खाली १९२१ देत असेल तर आधी नाणं हातात घेऊन तपासा. नकली रुपयांचा सुळसुळाट आहे, दिवाळीच्या तोंडावर तर जास्तच. लागणाऱ्या वस्तू चार: दहापटीचं भिंग, ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, व्हर्नियर कॅलिपर आणि लोहचुंबक. लोहचुंबकाला चिकटलं तर तिथंच विषय संपला. व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास हवा. वजन वापरलेल्या नाण्याचं ११.४ ते ११.६६ च्या दरम्यान येतं. त्याखाली गेलं तर नाणं फार झिजलंय, घासलंय किंवा नकली आहे.

वजन जुळवलेले नकली नाणे पाण्यात पकडता येते. प्लॅस्टिकचा छोटा पेला अर्धा पाण्यानं भरून काट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्यानं बांधून पूर्ण बुडेल असं पाण्यात लोंबकळत धरा. तळाला, कडेला टेकू देऊ नका, अंगाला बुडबुडे चिकटले असतील तर दोरा हलवून सोडवा. काट्यावर येणाऱ्या आकड्यानं नाण्याच्या हवेतल्या वजनाला भागा. ११.६६ ला सुमारे १.१३ येतं, भागाकार १०.३ च्या जवळ. १०.१ ते १०.५ मध्ये असेल तर धातू बरोबर. तांबं-निकेलच्या नकलीला आकडा १.३ च्या आसपास येतो आणि भागाकार नऊच्या खाली जातो. नंतर नाणं मऊ सुती कपड्यावर ठेवून टिपा, पुसू नका. खऱ्या चांदीचं नकली नाणं मात्र ही परीक्षा पास होतं, तेव्हा भिंगाला सुट्टी नाही. ओतीव नकलीवर मोकळ्या भागात बारीक छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा लोण्यासारख्या मऊ असतात, कडेच्या दात्यांमध्ये सांध्याची रेघ सापडते. महागड्या सालाच्या शेवटच्या आकड्याभोवतीचा भाग बाकीच्यापेक्षा गुळगुळीत किंवा खरवडलेला दिसला तर आकड्याला कुणीतरी हात लावलाय. आणि "बंदा रुपया वाजवून घ्यावा" म्हणून फरशीवर आपटू नका, कड चेपते. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्यानं हलकेच टिचकी दिली तरी नाद कळतो.

अस्सल असूनही न घ्यावी अशी नाणी आपल्याकडे भरपूर आहेत, कारण हे रुपये बायकांच्या गळ्यात माळा होऊन वावरलेत. बारा वाजायच्या जागी कड तिरपी धरून पाहा. कडी काढून टाकलेली असते, पण ती जोडताना सोनारानं दिलेला डाग तिथं राहतो: दाते बुजलेले, जरा वेगळ्या रंगाचा ठिपका, आणि तो लपवायला घासलेली जागा. असं नाणं मोडीच्या भावाचं. तीच गत घासून चकचकीत केलेल्यांची. त्यावर भिंगातून एकाच दिशेनं गेलेल्या असंख्य बारीक रेघा दिसतात. पितांबरी, चिंच, टूथपेस्ट, रांगोळी यांतलं काहीही तुमच्या नाण्यांना लागू देऊ नका. देव्हाऱ्यातल्या चारांवर हळदकुंकवाचा थर असेल तर ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर ठेवा, पाणी बदला, जेवढं आपोआप सुटेल तेवढं सुटू द्या. पूजेला यंदापासून १९१८ च्या नऊंपैकी एक ठेवा, पंचामृत त्याच्यावर.

दर्जा एकच ठरवा आणि तक्त्याच्या डोक्यावर लिहा. तुमच्या खर्चाच्या आवाक्यात व्हीएफ (व्हेरी फाइन) दर्जा ठीक राहील: मुकुटावरच्या रत्नांची गोलाई दिसते, झग्याची नक्षी बरीचशी वाचता येते, झीज आहे पण सपाट झालेलं नाही. १९२१ आणि १९२२ साठी एक पायरी खाली उतरायची सूट आधीच लिहून ठेवा, म्हणजे ऐन वेळी मनाशी भांडण नको. ही दोन नाणी निव्वळ फोटोवरून घेऊ नका. पक्कं बिल देणारा आणि नकली निघाल्यास परत घेईन असं त्यावर लिहून देणारा विक्रेताच बरा, थोडे जास्त गेले तरी.

कोरड्या महिन्यांतल्या संध्याकाळींसाठी काम आहेच. प्रत्येक नाण्याचं वजन, पाण्यातला आकडा, दोन्ही बाजूंचे फोटो, कुठून कितीला घेतलं, हे एका वहीत किंवा एक्सेलमध्ये. मग होल्डर. रुपयाला ३२.५ मिलिमीटर खिडकीचे पुठ्ठ्याचे होल्डर बसतात. पिना मारल्यावर पकडीनं दाबून सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा जातो, आणि नाणं बाहेर काढताना पिना आधी काढा. मऊ, वास येणारी प्लॅस्टिकची पाकिटं पीव्हीसीची असतात, वर्षा-दोन वर्षांत नाण्यावर हिरवा चिकट थर आणतात. रबरबँड चांदी काळी करतो. पावसाळ्यात डब्यातली सिलिका जेल रंग बदलली की तापवून कोरडी करायची. एवढं पुरे.

आता बाकीची साडेअठराशे. एकदम विकू नका. वैतागून विकणारा नेहमी तोट्यात जातो. आधी पंचम जॉर्जचेच जादा निघालेले विका किंवा बदला, कारण त्यांना कायम गिऱ्हाईक आहे. प्रत्येक घराचं सर्वांत चांगलं ठेवून निदान सोळा तरी मोकळे होतील, आणि एखादा संग्राहक तीन साध्या रुपयांवर थोडी रक्कम घेऊन १९१५ द्यायला तयार होतो. सराफाकडे नेऊ नका, तो मोडीचा भाव लावून घट कापणार. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा नाण्यांच्या प्रदर्शनात दुसरा संग्राहक गाठा.

उरलेल्यांचे तीन ढीग: ज्याच्याबद्दल तुम्ही न पाहता पाच वाक्यं बोलू शकता ते, ज्याचा कुणीतरी संग्रह करतो ते, आणि निव्वळ चिल्लर. पहिला ढीग ठेवा, शिवराया बहुधा तिथंच जातील. दुसरा सुटासुटा न विकता विषयवार गठ्ठ्यानं विका, निजामाचे एकत्र, स्मारक नाणी एकत्र. चुकीच्या छपाईची नाणी विकण्याआधी जाणत्याला दाखवा, त्यांत हातोडी-पकडीनं "घडवलेल्या" चुका फार असतात. तिसऱ्याकडून अपेक्षा नको. वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणणारे आधी नोंदणीचे पैसे मागतात. रिझर्व्ह बँकेच्या नावानं असा फोन आला तर ठेवून द्या, जुनी नाणी आपण विकत घेत नाही आणि असल्या व्यवहाराला आपलं नाव वापरू दिलेलं नाही, असं बँकेनं जाहीरपणे सांगितलंय.

मावसभावाकडे मात्र काही देऊ नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं पुरावस्तू ठरतं, आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तुमच्या संचातलं सर्वांत तरुण नाणं १९२२ चं, म्हणजे बावीसच्या बावीस त्यात आली. शिवराया तर आल्याच. विमानतळावर बॅगेत सापडली तर नाणीही जातील आणि त्याची सुट्टीही. डिसेंबरमध्ये येताना त्याला तिकडून होल्डर आणायला सांगा, ३२.५ चे.